नस जिवंत, मुळाशी पू: एका घडी पडलेल्या दाताचं प्रकरण

रुग्ण १९ वर्षांची विद्यार्थिनी. तक्रार अशी: वरच्या डाव्या बाजूला, मधल्या पटाशीच्या शेजारच्या दातावर, हिरडीत बारीक पुळी येते, फुटते, काही आठवडे दिसेनाशी होते आणि पुन्हा त्याच जागी उगवते. दुखत नाही, चावताना त्रास नाही, गरम-थंड लागत नाही. दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झालेला. दोन्ही वेळा पुळी बसली आणि परत आली. यात नवल काही नाही. पू जिथं तयार होतो ती जागा तशीच राहिली, तर गोळ्या फक्त थोडी उसंत मिळवून देतात.

सोबत एक छोटा एक्स-रे आणि चिठ्ठी होती. चिठ्ठीत होतं: दात क्रमांक २२ (हाच तो दात), मुळाशी गळू, नस मृत, रूट कॅनाल करावं किंवा दात काढून इम्प्लांटचा विचार व्हावा. तो एक्स-रे पाहून बहुतेकांनी हेच लिहिलं असतं. मुळाच्या शेवटच्या भागाभोवती हाड विरघळल्याची काळी जागा स्पष्ट होती. मुळाच्या आतलं चित्र मात्र नेहमीसारखं नव्हतं. मधोमध एक काळी पोकळी, तिला ठळक पांढरी किनार, आणि त्या किनारीच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन पुसट काळ्या रेषा. नेहमीच्या दातात मधे एकच रेषा असते. इथं नस नक्की कोणती, हेच कळत नव्हतं.

तोंडात पाहिलं तर दाताचा वरचा, म्हणजे हिरडीबाहेर दिसणारा भाग उजव्या बाजूच्या जोडीदारापेक्षा किंचित रुंद होता. मागच्या, म्हणजे टाळूकडच्या बाजूला एक खोल खड्डा होता. त्यात टोकदार उपकरण अडकत होतं आणि कडा तपकिरी झालेल्या होत्या. कीड नाही, मार लागल्याचा इतिहास नाही. हिरडीभोवती सगळीकडे मोजमाप २ ते ३ मिमी. हे शेवटचं मोजमाप मुद्दाम सांगतो. याच दाताच्या मागच्या बाजूला कधीकधी मुळापर्यंत उतरणारी खाच असते, आणि तीही अशीच पुळी आणते. पण तशी खाच असती तर हिरडीत एका ठिकाणी उपकरण एकदम खोल गेलं असतं. ते गेलं नाही.

मग थंड चाचणी. कापसाच्या बोळ्यावर थंड फवारा मारून आधी शेजारचे दात तपासले, म्हणजे या मुलीला थंड 'लागणं' म्हणजे काय ते तिला आणि मलाही समजावं. त्यानंतर २२. तिनं लगेच हात वर केला, बोळा काढताच काही क्षणांत खाली घेतला. उजवीकडचा जोडीदार, म्हणजे १२, तपासला, उत्तर तसंच. नस तपासणाऱ्या विजेच्या पल्प टेस्टरवरही दोन्ही दात जवळपास सारख्याच आकड्याला बोलले. थोड्या वेळानं क्रम बदलून, तिला न सांगता, पुन्हा तपासलं. फरक नाही.

एक्स-रे सांगत होता दात मेलेला आहे, आणि दात स्वतः सांगत होता की तो जिवंत आहे. आईनं विचारलं, "डॉक्टर, नस चांगली म्हणता, मग पू येतो कुठून?" प्रश्न अगदी योग्य होता आणि पुढची सगळी दिशा त्यातूनच ठरली. चाचण्या फसवू शकतात, हे खरं. विजेची चाचणी तर पू भरलेल्या नळीतूनही कधी खोटं उत्तर देते. पण एकाच मुळाच्या दातानं थंडाला झटकन आणि थोड्या वेळापुरतं उत्तर द्यावं, तेही पुन्हा पुन्हा, हे सहज बाजूला सारण्यासारखं नसतं. अशा वेळी एक्स-रेच्या बाजूनं कौल देऊन नस काढून टाकणं सोपं असतं. बरेचदा तेच होतं.

घडी कुठून येते

दात तयार होत असताना, अजून तो कठीण झालेला नसताना, इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण कवच, बनवणारा थर कधीकधी आतल्या मऊ गाभ्यात दुमडला जातो. हातमोज्याचं बोट बाहेरून आत ढकलावं, तसं. दात पुरा झाल्यावर ती घडी दाताच्या आत एक पोकळी म्हणून राहते. तिला आतून इनॅमलचं अस्तर असतं आणि तोंड बाहेर उघडं असतं. एक्स-रेवरची ठळक पांढरी किनार म्हणजे हेच अस्तर. याला डेन्स इन्व्हॅजिनेटस म्हणतात आणि तो सर्वांत जास्त दिसतो तो वरच्या बाजूच्या पटाशीत, म्हणजे १२ आणि २२ मध्येच. अनेकदा दोन्ही बाजूंना.

१९५७ मध्ये ओहलर्स यांनी केलेली विभागणी आजही वापरात आहे. पहिल्या प्रकारात घडी दाताच्या वरच्या भागातच संपते. दुसऱ्यात ती मुळात उतरते, पण बंद पिशवीसारखी थांबते. तिसऱ्यात ती मूळ पार करून हाडाच्या बाजूला उघडते: मुळाच्या कुशीत उघडली तर ३अ, टोकाशी उघडली तर ३ब. तिसरा प्रकार सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत चकवणारा. त्यात घडीचा नसेशी बहुधा संबंधच नसतो. तोंडातले जंतू मागच्या खड्ड्यातून शिरतात, घडीतून थेट हाडापर्यंत पोचतात आणि तिथं पू करतात. नस शेजारून जात असते आणि तिला याचा पत्ताही नसतो.

हे लक्षात घेतलं की एक्स-रे आणि थंड चाचणी यांच्यातलं भांडण मिटू शकतं. पण 'मिटू शकतं' एवढ्यावर दातात ड्रिल घालता येत नाही. ही घडी ३अ आहे की ३ब? की दुसऱ्या प्रकारची, जिथं तळाशी इनॅमल विरळ असल्यानं जंतू नसेपर्यंत गेले आहेत आणि नस अर्धवट मेलेली आहे? प्रत्येक उत्तरासाठी उपचार वेगळा.

त्रिमितीय चित्र का, आणि किती

साधा एक्स-रे म्हणजे सावली. ओठाकडची गोष्ट आणि टाळूकडची गोष्ट एकमेकींवर पडून सपाट होतात. नळी थोडी डावी-उजवीकडे सरकवून दोन एक्स-रे काढले तर काय पुढे आणि काय मागे हे ताडता येतं. क्लार्क यांनी १९१० मध्ये मांडलेली ही युक्ती अजूनही रोज कामाला येते, आणि मी इथंही आधी तीच वापरली. काळी पोकळी आणि पुसट रेषा एकमेकींपासून सरकल्या, म्हणजे त्या वेगवेगळ्या खोलीवर आहेत, एवढं नक्की झालं. पुळीच्या तोंडातून गटापर्चाची (नळी भरायच्या रबरासारख्या पदार्थाची) बारीक काडी सरकवून एक्स-रे काढला. काडीचं टोक मुळाच्या टोकाशी न जाता त्याच्या थोडं अलीकडे, बाजूला थांबलं. पण तेही सावलीतच. बाजूला म्हणजे ओठाकडे की मागे, हे कसं सांगणार?

म्हणून सीबीसीटी, म्हणजे कोन-बीम सीटी स्कॅन. या यंत्रात शंकूच्या आकाराचा किरणांचा झोत आणि समोरचा सपाट सेन्सर डोक्याभोवती एकदा फिरतात, त्या एका फेरीत शेकडो चित्रं घेतात, आणि संगणक त्यांतून बारीक घनांनी बनलेला एक ठोकळा उभा करतो. हा ठोकळा मग हव्या त्या दिशेनं कापून पाहता येतो. दंतवैद्यकासाठी बनलेल्या अशा यंत्राचं वर्णन इटलीतल्या गटानं १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं आणि त्याच सुमारास जपानमध्येही असं यंत्र आकाराला आलं. सुरुवातीला त्यांचा भर इम्प्लांट आणि जबड्याच्या शस्त्रक्रियांवर होता. रूट कॅनालला उपयोग होऊ लागला तो पुढे, लहान क्षेत्र टिपणारी आणि ०.१ मिमीच्या आसपासचे घन देणारी यंत्रं आल्यावर.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. प्रत्येक रूट कॅनालआधी सीबीसीटी काढणं मला पटत नाही, आणि मार्गदर्शक तत्त्वंही तसं म्हणत नाहीत. अमेरिकन असोसिएशन ऑफ एन्डोडॉन्टिस्ट्स (रूट कॅनाल तज्ज्ञांची संघटना) आणि तिथली तोंड-जबड्याच्या रेडिओलॉजीची अकादमी यांचं संयुक्त निवेदन २०१० मध्ये आलं, २०१५ मध्ये सुधारलं गेलं. त्यानुसार पहिली तपासणी साध्या एक्स-रेनंच व्हावी. गुंतागुंतीची रचना, जास्तीच्या नळ्या किंवा दाताची जन्मजात विकृती यांची शंका असेल तिथं लहान क्षेत्राचा सीबीसीटी निवडावा. आमचं प्रकरण या चौकटीत नेमकं बसत होतं.

किरणांचा डोस यंत्र, क्षेत्र आणि सेटिंग यांवर खूप बदलतो. लहान क्षेत्राच्या स्कॅनचा डोस साधारण दोन अंकी मायक्रोसिव्हर्टमध्ये असतो. आपल्याला निसर्गातून मिळणाऱ्या किरणांची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. त्या हिशेबानं ४० मायक्रोसिव्हर्टचा स्कॅन म्हणजे निसर्गाचे साधारण सहा दिवस. घाबरण्यासारखं काही नाही, पण साध्या एका एक्स-रेच्या कितीतरी पट आहे, आणि वय जितकं कमी तितकी जास्त काळजी घ्यायची. म्हणून क्षेत्र ४ × ४ सेंमी ठेवलं. उजवीकडच्या १२ मध्येही खड्डा होता. त्यालाही स्कॅनमध्ये घ्यावं असा मोह झाला, पण तिथं तक्रार नव्हती आणि साध्या एक्स-रेनं भागत होतं. क्षेत्र वाढवलं नाही.

स्कॅन मागवताना मी कागदावर प्रश्न लिहितो. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी असं वाटतं, कारण प्रश्न नसेल तर स्कॅन नुसता पाहिला जातो, वाचला जात नाही. इथं प्रश्न तीन होते. घडी हाडात उघडते का आणि नेमकी कुठं? नसेची नळी तिच्यापासून वेगळी आहे का, पूर्ण लांबीभर? आणि गळूचा मध्य कुणाकडे आहे, घडीच्या तोंडाकडे की नसेच्या टोकाकडे?

स्कॅन वाचताना

पहिली पाच मिनिटं दात पाहायचाच नाही. आधी सगळा ठोकळा वरून खाली पाहून घ्यायचा: नाकाचा तळ, शेजारचे दात, हाडाची पातळी. स्कॅन ज्यानं काढून घेतला, त्यात दिसणाऱ्या सगळ्याची जबाबदारी त्याच्यावर येते. इथं बाकी सगळं ठीक होतं.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं, पण निर्णायक. यंत्र आपल्याला जे काप दाखवतं ते जबड्याच्या हिशेबानं सरळ असतात, दाताच्या नाही. पुढच्या दाताचं मूळ मागे झुकलेलं असतं. तसेच काप पाहत गेलं तर मूळ तिरकं कापलं जातं, गोल नळी लांबट दिसते, पातळ भिंत जाड दिसते. म्हणून आधी २२ चा अक्ष उभा करून घेतला आणि मग टाळूकडच्या खड्ड्यापासून मुळाच्या टोकापर्यंत एकेक आडवा काप उतरत गेलो.

वरच्या कापांत मधे इनॅमलचं पांढरं कडं, त्याच्या आत काळी पोकळी. ही घडी. नस कडेला ढकलली गेलेली, चंद्रकोरीच्या आकाराची, घडीला मधल्या पटाशीच्या बाजूनं आणि टाळूच्या बाजूनं वेढून असलेली. साध्या एक्स-रेवरच्या दोन पुसट रेषा म्हणजे या एकाच चंद्रकोरीची दोन टोकं होती. दोन नळ्या कधी नव्हत्याच. सावलीवरून काम सुरू केलं असतं तर कुणीतरी मोठ्या कष्टानं 'दुसरी नळी' शोधत बसलं असतं.

खाली उतरलं तसं कडं सुळ्याच्या बाजूला सरकत गेलं. मुळाच्या टोकाच्या ४ मिमी अलीकडे ते ओठाच्या आणि सुळ्याच्या मधल्या दिशेनं मुळाच्या पृष्ठभागाला मिळालं आणि सुमारे १ मिमी रुंद भोकानं हाडात उघडलं. म्हणजे ३अ. गळू या भोकाभोवती होतं, उंची ८ मिमी, रुंदी ७ मिमी, आणि ओठाकडची हाडाची भिंत तिथं फुटलेली होती. पुळीचं तोंड बरोबर त्यासमोर.

आणखी खाली, शेवटच्या ४ मिमीत, नसेची नळी एकटीच उरली होती. टोक बंद, व्यवस्थित, आणि टोकाभोवतीची हाडाची बारीक पांढरी रेघ अखंड. साध्या एक्स-रेवर गळूची सावली या टोकावर पडत होती, म्हणून ते गळू टोकाचं वाटलं होतं.

टोक बंद असण्याला माझ्या लेखी वेगळं महत्त्व होतं. हा दात आठ-नऊ वर्षांच्या वयात येतो आणि त्याचं मूळ साधारण अकराव्या वर्षापर्यंत पुरं होतं. घडीतून जंतू शिरू शकतात ते दात उगवल्यापासूनच. त्यांनी नस लवकर मारली असती, तर मूळ आखूड, भिंती पातळ आणि टोक उघडं राहिलं असतं. इथं तसं काही नव्हतं. निदान मूळ पुरं होईपर्यंत तरी नस जगली होती. आज ती जिवंत आहे का, हे मात्र स्कॅन सांगू शकत नाही. सीबीसीटीला खनिज दिसतं, रक्तप्रवाह दिसत नाही. ते काम त्या थंड बोळ्यानंच केलं होतं.

दुसरी मर्यादा भिंतीची. घडी आणि नस यांच्यातली भिंत सर्वांत पातळ जागी ०.६ मिमी मोजली. घन ०.१ मिमीचा आहे म्हणून ०.१ मिमीची फट दिसेल, असा समज चुकीचा आहे. एका घनात थोडी भिंत आणि थोडी पोकळी आली तर दोघांची सरासरी दिसते; रुग्ण श्वासासोबत किंचित हलला तरी कडा विरतात. दाताला जुनं भरण, धातूची कॅप किंवा मुळात पिन असती तर काळे-पांढरे पट्टे पडून ही भिंत वाचताच आली नसती. हा दात कोरा होता, ही नशिबाची गोष्ट. तरीही भिंतीत सूक्ष्म छिद्र नसेलच, अशी हमी मी दिली नाही.

तिला आणि आईला पडद्यावर काप दाखवत सांगितलं, "पू या खोट्या नळीतून येतोय. ती साफ करून बंद करू. नसेला हात लावायचा नाही. नस पुढे कधी मेलीच, तर तिचं रूट कॅनाल तेव्हा करता येईल. आज काढलेली नस परत आणता येत नाही." मुलीनं विचारलं, "आणि यानं नाही बरं झालं तर?" तर हिरडी उघडून बाहेरच्या बाजूनं ते भोक बंद करायचं, हा मार्ग उरतो. ओठाकडची भिंत आधीच फुटलेली असल्यानं तिथं पोचणं कठीण नव्हतं. हे सगळं संमतिपत्रात लिहिलं.

खोट्या नळीचं काम

स्कॅनवरून ठरलेल्या गोष्टी अशा: दाताच्या कडेपासून घडीच्या भोकापर्यंतचं अंतर १८ मिमी, टाळूच्या खड्ड्यातून आत शिरल्यावर सुळ्याच्या बाजूला कल, आणि मधल्या पटाशीच्या बाजूला अजिबात कापायचं नाही, कारण तिथं चंद्रकोर आहे. रूट कॅनालची सुरुवात आपण नेहमी नसेच्या दिशेनं करतो. इथं सवयीच्या विरुद्ध हात चालवायचा होता.

स्कॅनवरून साचा छापून त्यातून ड्रिल नेण्याची पद्धत गेल्या दशकभरात रुळली आहे आणि चुन्यानं बुजलेल्या नळ्यांत ती फार उपयोगी पडते. या दातात निसर्गानंच खड्डा देऊन वाट दाखवली होती, म्हणून साचा केला नाही.

दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा, रबर डॅम, लावला. पहिली काही मिनिटं भूल दिली नाही, तिच्याशी आधी बोलून. इनॅमलला संवेदना नसते. त्यामुळे चुकून डेंटिनला, म्हणजे इनॅमलखालच्या थराला, लागलं तर ती लगेच सांगणार होती, आणि यापेक्षा चांगला इशारा कुठल्या यंत्रात नाही. मायक्रोस्कोपखाली खड्ड्याचं तोंड बारीक डायमंड बरनं मोकळं केलं आणि पुढं अल्ट्रासॉनिक टोकांनी उतरलो. रंग हाच नकाशा: घडीची भिंत चकचकीत पांढरी, डेंटिन पिवळसर. पांढरं दिसतंय तोवर आपण योग्य जागी. वाट मोकळी झाली, तिला काहीही जाणवलं नव्हतं, तेव्हा भूल दिली; कारण आता द्रव हाडाच्या जवळ जाणार होता.

लांबी मोजायला अ‍ॅपेक्स लोकेटर लावला, पण एवढ्या रुंद भोकाशी तो डळमळतो. स्कॅनचं माप आणि फाइल (नळी घासायची बारीक सुई) घालून काढलेला एक एक्स-रे, दोन्ही १८ मिमीच्या आसपास जुळले. तेच धरलं.

अशा घडीत फाइलनं फारसं साधत नाही. भिंत इनॅमलची, फाइलपेक्षा हट्टी. आणि पोकळी मधेच फुगीर, कडांना कोनाडे असलेली. साफसफाई द्रवानंच करावी लागते. सोडियम हायपोक्लोराइट त्यासाठी सर्वांत चांगलं, पण ते हाडात घुसलं तर प्रचंड वेदना, सूज आणि ऊतींची हानी होते. इथं भोक रुंद, पलीकडे पोकळ गळू आणि हाडाची भिंत फुटलेली, म्हणजे धोक्याच्या तिन्ही गोष्टी एकत्र. साध्या एक्स-रेवर यातली हाडाची फुटलेली भिंत दिसलीच नसती. म्हणून कमी तीव्रतेचं द्रावण, बाजूला छिद्र असलेली सुई, भोकाच्या ३ मिमी अलीकडे थांबवलेली, दाब जवळपास नाहीच. जोर कमी केला त्याची भरपाई वेळानं आणि अल्ट्रासॉनिक कंपनांनी केली. शेवटी चिकटलेला खनिजाचा थर विरघळवणारं १७ टक्के ईडीटीए, मग सलाइन, आणि आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून तात्पुरतं सिमेंट.

तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा पुळी बसली होती आणि तिची जागा बोटानं शोधावी लागत होती. थंड चाचणी पूर्वीसारखीच. कॅल्शियम हायड्रॉक्साइड धुऊन काढलं. मायक्रोस्कोपमधून खाली पाहिलं तर पोकळी कोरडी राहत होती. पुन्हा औषध भरायचं की बंद करायचं, यावर मतभेद होऊ शकतो. कोरडी असेल तर मी थांबत नाही.

भोक १ मिमी रुंद आणि गोल नसल्यानं तिथं गटापर्चा नीट बसली नसती. कॅल्शियम सिलिकेट सिमेंटचा ४ मिमीचा थर बारीक प्लगरनं (दाबून बसवायच्या उपकरणानं) हळूहळू बसवला. हे सिमेंट ओलाव्यात घट्ट होतं आणि हाडाला सोसतं. या जातीतलं पहिलं, एमटीए, अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठात १९९०च्या दशकात घडलं. जुन्या एमटीएमध्ये बिस्मथ ऑक्साइड असतं आणि त्यानं दात करडा पडतो. पुढचा दात, मुलगी १९ वर्षांची. म्हणून बिस्मथ नसलेलं सिमेंट निवडलं. वरच्या फुगीर भागात गरम करून मऊ केलेली गटापर्चा, आणि तोंडाशी कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण. ते कॉम्पोझिट हा या उपचारातला सर्वांत साधा भाग, पण तिथं गळती झाली तर खालचं सगळं वाया.

त्याच भेटीत उजवीकडचा १२ पाहिला. साध्या एक्स-रेवर घडी वरच्या भागातच संपत होती, पहिला प्रकार. नस ठीक, हाड ठीक. खड्डा साफ करून पातळ कॉम्पोझिटनं बुजवला. दहा मिनिटांचं काम. दोन्ही दात उगवले तेव्हाच कुणी हे केलं असतं, तर डावीकडचं सगळं प्रकरण कदाचित घडलंच नसतं. शाळकरी मुलांचे दात पाहणाऱ्या प्रत्येक दंतवैद्यानं वरच्या या दोन दातांची मागची बाजू आरसा धरून बघावी, एवढा आग्रह मी जरूर धरेन.

पुढचा मागोवा

सहा महिन्यांनी पुळी नाही, हिरडीवर वणही जेमतेम. साध्या एक्स-रेवर काळी जागा आक्रसलेली, कडेकडेनं हाडाचे धागे दिसू लागलेले. थंडाला उत्तर १२ सारखंच. वर्षानं काळी जागा मुळालगतच्या बारीक पट्टीपुरती उरली होती. दाताचा रंग बदललेला नव्हता.

वर्षाच्या भेटीत आईनं विचारलं, "तो मोठा स्कॅन पुन्हा काढून खात्री करून घ्यायची का?" २०१५ च्या निवेदनात याला जागा आहे: सुरुवातीला सीबीसीटी वापरला असेल तर मागोव्यालाही तो वापरता येतो. त्याच निवेदनात असंही आहे की लक्षणं नसताना भरून येणं पाहायला साधा एक्स-रे ही पहिली निवड. मी नको म्हणालो. साध्या एक्स-रेला हाडातली छोटी पोकळी कधीकधी दिसत नाही, विशेषतः बाहेरची कठीण भिंत शाबूत असेल तेव्हा. त्यामुळे 'पूर्ण भरलं' असं तो दाखवतो तेव्हा थोडं राहिलेलं असू शकतं. पण समजा स्कॅनवर अशी छोटी पोकळी दिसली असती, तर मी काय केलं असतं? पुळी नाही, दुखणं नाही, नस बोलते, सावली दर भेटीला लहान होते. मी वाटच पाहिली असती. उत्तरानं काहीच बदलणार नसेल तर प्रश्नासाठी किरण का खर्चायचे.

दुसरा स्कॅन कधी काढायचा, ते मात्र तिच्या नोंदीत लिहून ठेवलं आहे. पुळी परत आली, काळी जागा वाढली, किंवा थंडाला उत्तर मिळेनासं झालं आणि विजेच्या चाचणीनंही तेच सांगितलं, तर. शेवटच्या शक्यतेत नसेचं रूट कॅनाल करावं लागेल, आणि तेव्हा चंद्रकोरीच्या आकाराच्या नळीत शिरायचं असेल, एका बाजूला सिमेंटनं भरलेली घडी ठेवून. त्या दिवशी भिंतींची मापं नव्यानं हवी असतील. तोवर वर्षातून एकदा कापसाचा थंड बोळा, आणि चार वर्षं होईपर्यंत दर भेटीला एक साधा एक्स-रे.